टार्गेट कंपनीचे, गाव आपले

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. वय 29. कृषी शाखेची पदवी घेतल्यानंतर गेली पाच वर्षे मी कीटकनाशके आणि पिकांची टॉनिके विकणाऱ्या एका कंपनीत विक्री प्रतिनिधी आहे. नोकरी लागली त्या वर्षी वहीच्या पहिल्या पानावर मी तीन उद्दिष्टे लिहिली होती : वडिलांवरचे कर्ज फेडणे, पस्तिशीच्या आत एरिया मॅनेजर होणे आणि अमरावतीला घर घेणे. कर्ज फिटले. दोन वर्षे लागोपाठ टार्गेट पूर्ण केल्याबद्दल बक्षीसही मिळाले. यंदा पोळ्याच्या दिवशी मोठेबाबांच्या, म्हणजे थोरल्या काकांच्या घरी गेलो, तेव्हा कोनाड्यात आमच्याच कंपनीच्या टॉनिकच्या तीन बाटल्या दिसल्या. त्यांपैकी दोन सीलबंद होत्या. दुकानदाराने उधारीवर दिल्या आणि ‘आपला पोरगा सांगतो म्हणजे चांगलंच असेल’ म्हणून त्यांनी घेतल्या. त्यांच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, त्या टॉनिकची गरज नव्हती, हे मला ठाऊक होते. तेव्हापासून बढतीचा विचार मनात आला की त्या बाटल्या डोळ्यांसमोर येतात. पत्नी म्हणते, नोकरी सोडू नका, गाडीचे हप्ते आहेत. वडील म्हणतात, सगळेच विकतात. माझी उद्दिष्टेच चुकली, की मी उगाच हळवा झालो आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत वजनदार वाक्य तुमचे नाही, मोठेबाबांचे आहे. त्यांनी बाटलीवरचे नाव वाचून माल घेतला नाही. तुमच्या नावावर घेतला. तालुक्यातील गावागावांत तुमच्या घराण्याची जी पत आहे, ती कंपनीच्या पगारपत्रकात कुठेही दिसत नाही. तरीही कंपनीची बरीचशी विक्री त्याच विश्वासावर होत असणार. तुम्हाला टोचते आहे ते हेच, आणि त्याला हळवेपणा म्हणणे मला योग्य वाटत नाही.

आपली मूल्ये कोणती असे विचारले की आपण बहुतेक जण शाळेच्या भिंतीवर रंगवलेली यादी म्हणून दाखवतो : प्रामाणिकपणा, कुटुंब, समाजसेवा. त्या यादीवरून उद्दिष्टे ठरवायला बसल्यास काहीही बसवता येते. त्यापेक्षा गेल्या पाच वर्षांत तुम्ही कुठे पदरमोड केली, कोणत्या कामाला नकार दिला आणि कोणत्या रात्री झोप लागली नाही, एवढे आठवून लिहून काढा. तुमच्या तीन उद्दिष्टांपैकी कर्जाचे उद्दिष्ट तुमच्या घरातून आले होते. म्हणूनच ते तडीस गेले आणि त्याबद्दल तुम्ही दोनच शब्द लिहिले, कारण तिथे काही खुपत नाही. एरिया मॅनेजर होणे हे मात्र कार्यालयातील बैठकीतून वहीत आलेले दिसते. अमरावतीच्या घराबद्दल तर तुम्ही कारणही दिलेले नाही. ते मुलांच्या शाळेसाठी हवे आहे, की लग्नकार्यात ‘अमरावतीला फ्लॅट आहे’ असे सांगता यावे म्हणून, हे एकदा पत्नीसमोर मोठ्याने बोलून पाहा. दोन्ही कारणे माणसाला असू शकतात, पण दुसऱ्यासाठी वीस वर्षे हप्ते भरायचे का, हे आधी ठरवलेले बरे.

अशा वेळी आपल्याकडे गाडगेबाबांचा दाखला हमखास दिला जातो. शेंडगावचे बाबा 1905 साली घर सोडून निघाले, हे खरे. परंतु गाडीचे हप्ते आणि घरी म्हातारे वडील असलेल्या माणसाने त्यांच्याकडे पाहून राजीनामा लिहू नये. त्यांच्याकडून घ्यायचे ते वेगळे आहे. ते दिवसा स्वतः गाव झाडत आणि रात्री कीर्तनात स्वच्छतेबद्दल बोलत. म्हणजे त्यांचे मोठे उद्दिष्ट आणि त्या दिवशीचे हातातले काम यांच्यात अंतरच नव्हते. तुमच्या वहीत हे अंतर फार आहे. एरिया मॅनेजर व्हायचे, यातून उद्या सकाळी दुकानात जाऊन काय करायचे ते कळत नाही. कळते ते फक्त टार्गेट, आणि मग टार्गेटच मूल्याची जागा घेते.

म्हणून येत्या खरिपाच्या आधी एकच उद्दिष्ट नव्याने लिहा आणि ते तुमच्या हातात असलेल्या कामाचे असू द्या. उदाहरणार्थ, तुमच्याकडे असलेल्या गावांपैकी पाच गावे निवडा. प्रत्येक गावात चार शेतकऱ्यांच्या वावरात कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग पकडणारे) लावा आणि प्रत्येक सापळ्यात रोज 8 याप्रमाणे सलग 3 रात्री पतंग सापडल्याशिवाय त्या वावरासाठी गुलाबी बोंडअळीचे औषध सुचवायचे नाही, असे ठरवा. ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे जिच्याखाली फवारणीचा खर्च परवडत नाही ती, तुम्ही महाविद्यालयात शिकलेलाच आहात. अडचण एवढीच, की ती टार्गेटच्या तक्त्यात नसते. त्याच शेतकऱ्यांना डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या आणि हिरव्या त्रिकोणाचा अर्थ, म्हणजे औषध किती विषारी आहे ते, सांगा आणि हातमोजे, मुखपट्टी असल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ देऊ नका. 2017 साली तुमच्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर हे काम ‘वेळ मिळाल्यास’ करण्याचे राहिलेले नाही, असे माझे मत आहे.

त्यानंतर ही पाच गावांची वही घेऊन वरिष्ठांकडे जा. माझा प्रामाणिकपणा दुखावतो, अशी सुरुवात करू नका. त्यावर समोरच्याकडे उत्तर नसते. दुकानात पडून राहिलेला माल, परत आलेल्या बाटल्या आणि कापसाचे पैसे हाती आल्यावरही न वसूल झालेली उधारी यांचे आकडे मांडा आणि टॉनिकचे टार्गेट कमी करून ज्या मालाला खरी मागणी आहे त्याचे वाढवून मागा. थकलेली उधारी ही कंपनीचीही डोकेदुखी असते, त्यामुळे वरिष्ठ ऐकून घेण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा अधिक आहे. त्यांनी साफ नकार दिला, तर पुढच्या पाडव्यापर्यंत आपला मार्ग शोधायचा, अशी तारीख मनाशी ठरवा. परंतु सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडेपर्यंत राजीनामा नाही, हा शब्द पत्नीला आधी द्या. तिचा आक्षेप तुमच्या विवेकाला नाही, रिकाम्या महिन्यांना आहे. वडिलांनाही ‘सगळेच विकतात’ यावरून बोल लावू नका. सावकाराच्या किंवा बँकेच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला महिन्याचा पगार म्हणजे काय असतो, ते आपल्याला पुरते कळत नाही.

मार्गाबद्दल थोडेसे. तुमच्या पदवीवर कृषी सेवा केंद्राचा परवाना मिळू शकतो. कृषी पदवीधरांसाठी 2002 पासून केंद्र सरकारची कृषी चिकित्सालय आणि कृषी व्यवसाय केंद्र योजना आहे. तिच्यात 45 दिवसांचे प्रशिक्षण मिळते आणि बँकेचे कर्ज मिळाल्यास नाबार्ड या राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेमार्फत अनुदानाची सोय आहे. मात्र स्वतःचे दुकान टाकले म्हणजे टोचणी संपली, असे समजू नका. इतके नग विकल्यावर परदेशी सहल, ही योजना दुकानदारासाठीच असते.

आणि मोठेबाबांच्या त्या दोन सीलबंद बाटल्या या आठवड्यातच स्वतः दुकानदाराकडे घेऊन जा आणि त्यांची रक्कम खात्यातून वजा करून घ्या. हे वहीत लिहून ठेवण्याची गरज नाही.

प्रश्न : मी वर्धा जिल्ह्यातील आर्वी तालुक्यातील गृहिणी आहे, वय 38. बारावीनंतर लग्न झाले. सध्या बचत गटाची सचिव आहे. मुक्त विद्यापीठातून बी. ए. करावे असे वाटते, पण मुलगी यंदा दहावीला आहे आणि सासूबाई विचारतात, ‘या वयात डिग्री घेऊन कोणाला दाखवणार?’ हा माझा स्वार्थ ठरेल का?

उत्तर : सासूबाईंचा प्रश्न बोचरा असला तरी उपयोगाचा आहे, फक्त तो आधी स्वतःला विचारा. नोकरीसाठी पदवी हवी असेल, तर ज्या पदासाठी हवी आहे त्याची वयोमर्यादा आजच तपासा. पदवी हातात येईपर्यंत तुम्ही एक्केचाळीस-बेचाळीस वर्षांच्या असाल. लग्नाने अर्धवट राहिलेले शिक्षण पूर्ण करायचे असेल, तर कोणाला दाखवण्याचा प्रश्नच उरत नाही. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली स्थापन झाले ते तुमच्यासारख्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच. मुलीची दहावी आड येईल, अशी भीती मला वाटत नाही. संध्याकाळी दोघी एकाच दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलात, तर तिलाही ‘अभ्यासाला बस’ असे रोज सांगावे लागणार नाही. फी तुमच्या गटातील बचतीतून भरा, म्हणजे घरखर्चाचा विषय निघणार नाही. फक्त अर्ज करण्यापूर्वी अभ्यासकेंद्रावर जाऊन परीक्षा कोणत्या महिन्यात होतात, ते विचारून या. पेरणीच्या आठवड्यात पेपर आला, तर घरातले कोणीही तुमच्या बाजूने बोलणार नाही, आणि त्या आठवड्यापुरते त्यांचे चुकणारही नाही.