वेल्समधल्या जुन्या शेतघरांत माणसं आणि गुरं खरंच एका छपराखाली राहायची का?

हो, राहायची. कित्येक घरांत तर दोघांचं दारही एकच. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, म्हणजे ही दगडी घरं चार-पाचशे वर्षं टिकली कशी, त्याचं उत्तर जरा वाकडं आहे. त्यातली बरीचशी घरं मुळात दगडी नव्हतीच.

मी कार्डिफला राहतो. शहराच्या कडेला सेंट फॅगन्सचं खुलं संग्रहालय आहे. वेल्श लोकजीवनाचे अभ्यासक योर्वर्थ पीट यांच्या पुढाकाराने ते १९४८ साली सुरू झालं. वेल्सभरातली जुनी घरं उतरवायची, दगड-लाकडांवर खुणा करायच्या आणि इथे आणून तशीच पुन्हा उभी करायची, असा तो उद्योग. प्रवेश फुकट (गाडी लावायचे पैसे पडतात), त्यामुळे गावाकडून कोणीही आलं की मी त्यांना किल्ल्याआधी तिथे नेतो.

सुरुवात करावी हेन्द्रर-अविद इखाव या घरापासून. हे उत्तरेकडच्या डेन्बिशरमधलं. झाडाच्या वलयांवरून काळ काढतात, त्या पद्धतीने याची लाकडं १५०८ सालची ठरली. नैसर्गिक बाक असलेला ओक उभा चिरला की दोन सारखे वाकडे खांब मिळतात. ते समोरासमोर उभे करून माथ्याशी जोडायचे आणि वर आढं ठेवायचं. आपल्याकडे आढं मेढीवर बसतं, तिथे ते या कमानीवर बसतं. छपराचा भार सगळा लाकडावर, भिंत फक्त आडोशाला. ती भिंतही कुडाची: काठ्या विणून वर माती लिंपलेली. कोकणातल्या माणसाला हे कोणी समजावून सांगायला नको.

आत गेलात की पहिल्यांदा जाणवतं ते धुराचं. चूल जमिनीवर, खोलीच्या मधोमध. धुराडं नाही. खिडक्यांना काच नाही, नुसते लाकडी गज आणि झडप. धूर वाट मिळेल तसा गवती छपरातून झिरपत बाहेर जायचा. त्यामुळे वर माळा घालणं शक्यच नव्हतं. तिथे झोपलेला माणूस सकाळपर्यंत गुदमरला असता. घर आढ्यापर्यंत मोकळं ठेवण्यात हौस नव्हती, धूर होता. खालच्या टोकाला गुरं बांधत.

पुढे सोळाव्या-सतराव्या शतकात शेतकऱ्यांच्या घरांत दगडी धुराडं आलं. माझ्या मते या घरांच्या इतिहासातली सगळ्यात मोठी घटना हीच. धूर एका कोपऱ्यात कोंडला गेला, मग वरची जागा मोकळी झाली, तिथे तक्तपोशी पडली, जिना आला, निजायची खोली आली. आजही एखाद्या दुमजली घराच्या माळ्यावर चढून पाहिलं आणि वासे काजळीने काळे दिसले, तर समजावं की घर कधीतरी मधल्या चुलीचं होतं.

आता गुरांकडे येऊ. मध्य वेल्समधल्या रायडरजवळचं किलेवेंट हे ‘टी हीर’, म्हणजे लांब घर. याचा मूळ लाकडी सांगाडा साधारण १४७० चा, पण दगडी भिंती १७३४ च्या. भिंतींवर भारच नसल्यामुळे कूड काढून दगड चढवता आला. म्हणजे घर आपल्या भिंतींपेक्षा अडीचशे वर्षांनी मोठं! अशी लांब घरं बहुधा उतारावर, उताराच्याच दिशेने बांधत. वरच्या बाजूला माणसं, खालच्या बाजूला गोठा, म्हणजे मूत-शेणाचं पाणी आपसूक बाहेर. दाराशी आडवी बोळ, तिथून एकीकडे घरात जायचं, दुसरीकडे गोठ्यात. पावसाळी थंडीत रात्री व्यालेल्या गाईकडे जायला अंगण ओलांडावं लागत नसे, आणि गुरांची ऊब घराला मिळे ती वेगळीच. गाईला चुलीतला जाळ दिसला की ती दूध जास्त देते, असंही तिकडचे लोक म्हणत. खरंखोटं गाय जाणे.

तिसरं केनिक्स्टन. दक्षिणेला गावर द्वीपकल्पातलं, १६१० च्या सुमाराचं आणि पुढे दोनदा वाढवलेलं. बाहेरून भडक तांबडं, गेरूने सारवल्यासारखं. या रंगाने भुतंखेतं दूर राहतात अशी समजूत होती. चुलीशेजारी कपाटासारखा बंद पलंग आहे. माझ्या आईने तो पाहून ‘कपाटात माणसं कसली ठेवता?’ असं मला सगळ्यांसमोर विचारलं होतं.

दगड आणि पाटीच्या (म्हणजे स्लेट दगडाच्या पातळ फरशांच्या) छपराचं जे करडं घर तुमच्या डोळ्यांसमोर असेल, त्यातली पाटी बरीच उशिरा सर्रास झाली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या खाणी वाढल्या आणि पाटी स्वस्त झाली. त्याआधी ठिकठिकाणी गवतच, आणि शाकारणीचा खर्चही आलाच.

अशा घरांत आजही लोक राहतात. गोठ्याच्या जागी बहुतेक वेळा दिवाणखाना असतो. संरक्षित यादीत असलेल्या घराचं स्वरूप बदलायचं तर आधी परवानगी काढावी लागते, अगदी आतलं जुनं लाकूड हलवायचं असलं तरी.