चिठ्ठी नाही, म्हणून गुन्हा नाही?

प्रिय ताई,

तुम्ही लिहिता की इंदूरमध्येच दिलेल्या धाकट्या बहिणीने लग्नाच्या चौथ्या वर्षी सासरी जीव दिला. गाडीसाठी माहेरहून पैसे आण, म्हणून नवरा आणि सासू तिला छळत होते. राखीला ओवाळताना तिची बाही वर सरकली आणि दंडावरचे काळेनिळे वळ तुम्हाला दिसले. तरीही ‘थोडे सांभाळून घे’ म्हणून तुम्हीच तिला रिक्षात बसवून दिले. आता पोलिसांनी मर्ग, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची चौकशी, नोंदवला आहे आणि नातेवाईक म्हणतात, चिठ्ठीच नाही तर गुन्हा कसला?

हे म्हणणे चूक आहे. लग्नानंतर सात वर्षांच्या आत विवाहितेने आत्महत्या केली, तर मजिस्ट्रेटकडून चौकशी व्हावी लागते. मृत्यूच्या अलीकडच्या काळात हुंड्यासाठी छळ झाल्याचे सिद्ध झाले, तर तिने स्वतः जीव दिलेला असला तरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ८० खाली तो हुंडाबळीच ठरतो. शिक्षा किमान ७ वर्षे, कमाल जन्मठेप. याशिवाय आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम १०८ आणि छळाचे कलम ८५ आहेच. मात्र घरात कुरबुरी होत्या, एवढ्यावर न्यायालय कोणाला १०८ खाली दोषी धरत नाही. छळ आणि मृत्यू यांची सांगड पुराव्याने घालावी लागते, हे तुमच्यापासून लपवणे बरे नव्हे.

त्या सांगडीचा मोठा भाग तुमच्यापाशी आहे. तिचे रडवेले व्हॉइस मेसेज ज्या फोनवर आले, तो जपून ठेवा. त्यातले काही पुसू नका, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आपल्या मृत्यूला कारण झालेल्या परिस्थितीविषयी मृत व्यक्ती जे सांगून गेली, ते कायद्याने पुराव्यात घेता येते. म्हणून राखीच्या दिवशीचे तिचे शब्द आठवतील तसे, पदरचे काही न घालता, आजच लिहून काढा आणि मर्ग चौकशीत तुमचा व आईचा जबाब घ्यावा, असा लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या. जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण स्त्रियांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देते.

‘दोष माझाच ना?’ असे तुम्ही विचारले आहे. रिक्षात तुम्ही बसवलेत, हे खरे, आणि त्याचे दुःख माझ्या शब्दांनी हलके होणार नाही. पण ते वळ तुम्ही उठवले नव्हते. जगणे नकोसे झाल्याचे शेवटी लिहिले आहे, ते वाचून मला तुमची फार काळजी वाटते. आज रात्री एकट्या झोपू नका, आईजवळ झोपा, आणि टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आत्ताच बोला. अर्ज उद्या सकाळी लिहिला तरी चालेल.