लढाई १९९९ ला संपली, मग त्रास आत्ता का सुरू झाला?

मी समुपदेशन करते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात भांडुपहून एका सुनेचा फोन आला. "मॅडम, बाबांनी माझ्या मुलाला जमिनीवर पाडलं. म्हणजे मारलं नाही, अंगाखाली घेतलं, पण त्याचा ओठ फुटला. आता मुलाला त्यांच्याजवळ ठेवायची भीती वाटते आणि हे बोलायची लाजही वाटते, कारण ते त्याच्यावर जीव टाकतात." खाली गल्लीत कोणीतरी सुतळी बॉम्ब लावला होता आणि आवाज झाल्या झाल्या साठ वर्षांचा माणूस पाच वर्षांच्या नातवावर झेपावला, त्याला झाकून तसाच पडून राहिला, सोडायलाच तयार नाही.

मग तिने तो प्रश्न विचारला जो फौजी घरातून मला नेहमी विचारला जातो, कारगिलला सव्वीस वर्षं झाली, इतकी वर्षं काही नव्हतं, मग आता एकदम कसं? वेड लागतंय का त्यांना? म्हणून हे लिहितेय. काकांची परवानगी घेतलीये, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

काका मूळचे सातारा जिल्ह्यातले, तोफखान्यात होते. १९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या लढाईत द्रासला, बोफोर्स तोफेवर. जवळजवळ अकरा हजार फुटांवर, श्रीनगर-लेह रस्त्याच्या आसपास त्यांच्या तोफा लागलेल्या आणि समोरच्या डोंगरावर बसलेला शत्रू वरून सगळं बघतोय, त्यामुळे आपण फायर केलं की थोड्या वेळाने तिकडूनही गोळे यायचे. दोन वर्षांनी फौज सोडली, सतरा वर्षांची नोकरी झाल्यामुळे पेन्शन बसली, मग फोर्टमधल्या एका बँकेत बंदूक घेऊन दारावर उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत. सकाळची ठरलेली लोकल, डब्यात कायम पाठ भिंतीला लावून उभं राहायचं. घरी बोलणं मोठ्याने. घरच्यांना वाटायचं चिडके आहेत. खरं तर तोफेजवळ वर्षं काढलेल्या माणसाला कमी ऐकू येतं, हे कोणी तपासलंच नव्हतं.

पहिल्या भेटीत ते जेमतेम दहा वाक्यं बोलले. "मी काय येडा झालोय का मॅडम?" हे त्यातलं एक. बोलल्या त्या काकू. सून म्हणाली आधी काही नव्हतं, तर काकू पटकन म्हणाल्या, "नव्हतं कोण म्हणतं? हे आल्यापासून लाईट बंद करून एकदाही झोपले नाहीत. रात्री तीनदा कडी बघतात. मी मुलांना सांगायचे, फौजीची सवय आहे."

मला वाटतं सुनेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. त्रास होताच, त्यावर ड्युटीचं झाकण होतं. पहाटे उठणं, युनिफॉर्म, दारावर पहारा, म्हणजे ज्या सावधपणाने मेंदू पछाडलेला होता त्याच सावधपणाचा त्यांना पगार मिळत होता. रिटायर झाल्यावर दिवस रिकामा झाला आणि नेमकं तेव्हाच शेजारच्या प्लॉटवर रिडेव्हलपमेंटचं पायलिंग, म्हणजे पायाचे खांब जमिनीत ठोकणं, सुरू झालं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत धाड धाड. दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांमध्येही म्हातारपणी, काम सुटल्यावर हा त्रास उफाळून आल्याचं डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. हे वेड नाही. याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे मोठ्या आघातानंतर मागे राहिलेला मानसिक त्रास, १९८० पासून हे नाव अधिकृत आहे, आणि उपचार आहेत. झोपेसाठी काका कॅन्टीनची रम घ्यायचे, दोन पेग, पुढे तीन. दारूने डोळा लागतो पण उत्तररात्री झोप मोडते आणि स्वप्नं त्याच वेळी येतात, हे त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड होतंच त्यामुळे खर्चाचा प्रश्न आला नाही, कान तपासून मशीनही मिळालं. ज्यांना कुठून सुरुवात करायची कळत नाही त्यांनी सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

घरच्यांना मी एवढंच सांगितलं की झोपेत ओरडले तर हलवून उठवू नका, लाईट लावा, लांबून नावाने हाक मारा. फटाके, पायलिंग, ढोल असेल तर आधी सांगा. आणि "जाऊ दे, विसरा आता" हे वाक्य घरातून काढून टाका. २६ जुलैला सोसायटीत शाल-श्रीफळ द्यायचं आणि बाकी वर्षभर विसरा म्हणायचं, याने माणूस फार एकटा पडतो हो.

सहाव्या की सातव्या भेटीत ट्रंकेची गोष्ट निघाली. काकांच्याच तोफेवरचा एक जोडीदार, शेजारच्या तालुक्यातला, स्प्लिंटर, म्हणजे फुटलेल्या गोळ्याचा तुकडा, लागून गेला. त्याचं सामान घरी पाठवायचं होतं, यादी करायचं काम काकांवर आलं. दाढीचं सामान, स्वेटर, पोरीसाठी घेतलेले पैंजण, आणि एक अर्धवट लिहिलेलं इनलँड पत्र. त्यात त्याने बायकोला बरंच वाईटसाईट लिहिलं होतं, मला न विचारता म्हैस विकायला काढलीस वगैरे. नवऱ्याचे शेवटचे शब्द म्हणून तिला हे मिळू नये म्हणून काकांनी ते पत्र यादीत लिहिलंच नाही, स्टोव्हवर जाळलं. "तिचं होतं ते. मी कोण लागून गेलो?" सव्वीस वर्षं त्यांच्या स्वप्नात गोळे पडत नव्हते, ते ट्रंक भरत होते आणि यादी जुळत नव्हती. या सगळ्या वर्षांत तिच्या घरी ते एकदाही गेले नव्हते.

मी त्यांना तुम्ही बरोबर केलंत असं म्हटलं नाही, चूक केलीत असंही नाही. आम्ही ती दुपार पुन्हा पुन्हा, सावकाश, पाय जमिनीला टेकवून बोलत राहिलो, थंडी किती होती, स्टोव्ह कुणाचा होता, हात कापत होते का, इथपर्यंत. हळूहळू त्यांचा आवाज न तुटता ती गोष्ट शेवटापर्यंत जायला लागली.

फेब्रुवारीत काका-काकू एसटीने तिच्या गावी गेले. ओसरीवर बसले, चहा झाला, आणि विषय काढायच्या आधी तिनेच विचारलं, "भाऊजी, ट्रंकेत एखादी चिठ्ठी नव्हती का हो?" काकांनी सगळं सांगितलं, म्हशीसकट. ती बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिली, मग म्हणाली, "मी विकलीच नव्हती ती म्हैस. तसं पत्र टाकलं होतं मी ५६ एपीओला, फौजेच्या पत्त्यावर. पोचलं नसेल."

काका आता तीन आठवड्यांतून एकदा येतात. रम सुटलीये, झोप सलग पाच तास लागते. लाईट चालूच असतो. पायलिंग संपलेलं नाही, पण दुपारी सून कामावर असते तेव्हा नातू आजोबांकडेच असतो.