पचमढीची तिसरी रात्र

त्रिमूर्तीनगर, नागपूर येथून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ते मोठे असल्यामुळे येथे थोडक्यात देते.

“मी ५८ वर्षांची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. यजमान गेल्यापासून माझ्या मोठ्या नणंदबाई, ज्यांना आम्ही सारे माई म्हणतो, मला दरवर्षी कुठेतरी फिरायला नेतात. त्या ६६ वर्षांच्या असून नागपूरच्याच महाल भागात राहतात. माणूस अतिशय प्रेमळ, पण घोरणे असे की भिंतीपलीकडच्यालाही जाग यावी. गेल्या डिसेंबरात पचमढीला आम्ही तीन रात्री एका खोलीत होतो. पहिल्या दोन रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. टाळ्या वाजवल्या, त्यांचे पांघरूण ओढले, शेवटी रजई गुंडाळून खुर्चीत बसून राहिले. मधूनच आवाज अगदी बंद होई, तेवढे मला बरे वाटे. पण डोळा लागतो न लागतो तोच गुदमरल्यासारखा मोठा आवाज होऊन पुन्हा सुरू. तिसऱ्या रात्री तीन वाजता मी ओरडले, ‘अहो, झोपू द्या ना जरा माणसाला!’ माई उठल्या, एक शब्द बोलल्या नाहीत आणि भिंतीला टेकून उजाडेपर्यंत जपमाळ ओढत बसल्या. सकाळी त्यांनी मला विचारले, ‘आज लागली ना गं झोप?’ दिवसा त्या गाडीत बसल्या की लगेच डुलक्या घेतात, त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि प्रवासात झोपेचीही अर्धी गोळी घेतात. आता संक्रांतीनंतर त्यांनी राजस्थानची नऊ रात्रींची सहल ठरवली आहे, दोघींत एक खोली. स्वतंत्र खोली घेतली तर चौदा हजार रुपये जास्त पडतात. मी गुडघेदुखीचे कारण सांगून नाही म्हणावे का? मोठ्या नणंदेला हे कसे सांगू?”

ताई, आधी गुडघ्यांचे बोलू. ते धड असतील तर धडच राहू द्या. नागपूर कितीही पसरले असले तरी नातेवाइकांपुरते ते अजून लहानच आहे; एकदा तुमचे गुडघे दुखतात असे जाहीर झाले की अंगारकीला टेकडीच्या गणपतीच्या रांगेत तुम्हाला कोणीतरी उभे असलेले पाहणार, ते महालात कळणार, आणि जे माईंना घोरण्यावरून लागले नसते ते या लपवाछपवीवरून लागेल. शिवाय गुडघ्यांना लावायचे तेल घेऊन त्या स्वतः तुमच्या दारात उभ्या राहतील, हा धोका तुम्ही विचारात घेतलेला दिसत नाही.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे वळते. माईंना कसे सांगावे, असे तुम्ही विचारता. पण तुमचेच पत्र पुन्हा वाचून पाहा, माईंना ते ठाऊक आहे. घोरणाऱ्याला आपले घोरणे स्वतःच्या कानांनी कळत नाही हे खरे असले, तरी इतकी वर्षे संसार केलेल्या बाईला ते कोणी ना कोणी ऐकवलेले असतेच, आणि रात्री तीन वाजता तुम्ही ओरडल्यावर उरलीसुरली शंकाही राहिली नसेल. ‘आज लागली ना गं झोप?’ हा प्रश्न काही न कळलेल्या माणसाचा नाही. धाकट्या भावजयीला दोन घटका झोप मिळावी म्हणून त्या बाई थंडीत जाग्या राहिल्या, आणि काहीच न बोलता तुम्ही राजस्थानला गेलात तर त्या नऊच्या नऊ रात्री तसेच करतील अशी मला खरोखर भीती वाटते. तेव्हा तुम्हाला त्यांना कोणतीही नवी बातमी द्यायची नाही. दोघींनाही माहीत असलेली आणि दोघीही एकमेकींसाठी झाकून ठेवत असलेली गोष्ट फक्त मोकळी करायची आहे.

त्याहूनही मी अडखळले ते तुमच्या दुसऱ्याच एका वाक्यापाशी. आवाज बंद होई तेवढे तुम्हाला बरे वाटे, असे तुम्ही लिहिले आहे. दोन रात्री जागलेल्या माणसाला तसे वाटणे स्वाभाविक आहे, पण काळजी करायची ती त्या शांततेचीच. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट अरुंद होते आणि त्यातून जाणाऱ्या हवेने मऊ टाळू व पडजीभ थरथरू लागते. घोरणे म्हणतात ते हेच. माणूस उताणा झोपला असेल तर जीभही मागे सरकते आणि आवाज वाढतो. जोवर आवाज येत आहे तोवर हवा निदान आत-बाहेर करीत असते. काही जणांत मात्र ती वाट पूर्ण मिटते, श्वास थांबतो, रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागतो, मग मेंदू शरीराला क्षणभर जागे करतो आणि गुदमरल्यासारखा आवाज होऊन श्वास पुन्हा सुरू होतो. सकाळी त्या माणसाला यातले काहीही आठवत नाही. डॉक्टर याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. रात्रभर झोप अशी तुटत राहिल्यामुळे ही माणसे दिवसा बसल्या जागी डुलक्या घेतात, सकाळी काहींचे डोके दुखते, आणि उच्च रक्तदाबाशी तर या विकाराचा जवळचा संबंध आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयात स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण वाढते, तरी आपल्याकडे घोरणे म्हटले की पुरुषच डोळ्यांसमोर येतो आणि बायकांचे घोरणे हसण्यावारी तरी जाते किंवा लाजेपोटी झाकले तरी जाते.

माईंना हा विकार आहेच असे मी येथे बसून म्हणणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. पण मधेच थांबणारा श्वास, दिवसाची झापड आणि रक्तदाब ही तीन लक्षणे तुम्हीच लिहिलेली आहेत, आणि एवढी पुंजी छातीविकारतज्ज्ञाकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायला पुरेशी आहे. धंतोली आणि रामदासपेठ येथे रुग्णालयांची दाटी आहे, त्यामुळे महालातून फार लांब जावे लागणार नाही. डॉक्टरांना आवश्यक वाटले तर ते झोपेची तपासणी सांगतील. ती रुग्णालयात एक रात्र राहून होते, किंवा काही रुग्णांच्या बाबतीत लहानसे उपकरण लावून घरीही होते. किमान दहा सेकंद श्वास थांबण्याचे किंवा बराच उथळ होण्याचे प्रसंग तासाला सरासरी किती आले, हे तीत मोजतात. ५ पेक्षा कमी म्हणजे सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र, अशी ढोबळ प्रतवारी आहे. गरज पडल्यास मुखवट्यातून हलक्या दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवणारे ‘सीपॅप’ नावाचे यंत्र मिळते. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी ते १९८१ मध्ये प्रथम मांडले. आता ते पिशवीत घालून सहलीलाही नेता येते.

झोपेच्या अर्ध्या गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण डॉक्टरांपुढे तो सर्वांत आधी करा. अशा काही गोळ्यांनी घशाचे स्नायू आणखी सैल पडू शकतात. तुम्ही किंवा माईंनी ती आपल्या मनाने बंद मात्र करू नये. डॉक्टर सांगतील तसे करावे.

आता बोलायचे कसे, ते सांगते, आणि त्यासाठी स्वतःचीच फजिती सांगावी लागेल. काही वर्षांपूर्वी मी विदर्भ एक्स्प्रेसने मुंबईला निघाले होते. सकाळी कल्याण मागे पडल्यावर समोरच्या बर्थवरच्या एका तरुण मुलीने मला अगदी हळू आवाजात विचारले, ‘काकू, तुम्हाला सर्दी झाली आहे का? रात्री तुम्हाला श्वासाचा फार त्रास होत होता.’ मला सर्दी झालेली नव्हती. तिला काय म्हणायचे होते ते मला दादर आल्यावर उमगले आणि कान लाल झाले, तरी त्या मुलीचा राग मात्र आला नाही. तिची रात्र मी पुरती घालवली होती, पण ती बोलली माझ्या श्वासाविषयी. घरी परतल्यावर मी नाकाच्या डॉक्टरांकडे गेले ते तिच्यामुळेच. घरच्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या थट्टेने मी कधी जागची हलले नव्हते.

तेव्हा एखाद्या रविवारी दुपारी महालात जा, सुना-नातवंडे आजूबाजूला नसतील अशी वेळ पाहा, आणि आधी त्या रात्रीच्या ओरडण्याची माफी मागा. मग तुमच्या शब्दांत असे काही म्हणा: ‘माई, तेव्हा मला नुसता राग आला होता, पण आता आठवते तसे काळजी वाटते. तुमचा श्वास मधेच थांबत होता. राजस्थानला जाण्याआधी एकदा दाखवून येऊ या, मी येते तुमच्यासोबत.’ घोरण्याची ध्वनिफीत डॉक्टरांना उपयोगी पडते, पण ती माईंना विचारून करा. चोरून केलेली ध्वनिफीत कौटुंबिक व्हॉट्सॲपवर टाकून हसे करणारी घरे मी पाहिली आहेत, आणि त्यानंतर घरातल्या त्या बाईने पाहुण्यांकडे मुक्काम करणेच सोडलेलेही पाहिले आहे.

राहिला प्रश्न तुमच्या झोपेचा, कारण तपासणी झाली तरी नऊ रात्री तुम्हाला त्याच खोलीत काढायच्या आहेत. एका गोष्टीचा विचार करा. एप्रिल-मे महिन्यांत डोक्याशी कूलर घरघरत असतो, पंप थबथबत असतो आणि आपण नागपूरकर ढाराढूर झोपतो, इतके की मध्यरात्री वीज गेली तर उकाड्याच्या आधी त्या शांततेने जाग येते. तो आवाज घोरण्याहून लहान नसतो. तो एकसारखा असतो. घोरणे चढते, उतरते, थांबते, आणि कान पुढच्या आवाजाची वाट पाहत जागे राहतात. म्हणून फोनवर पंख्याचा किंवा पावसाचा एकसुरी आवाज लावून तो उशाशी ठेवा. हसू नका, पण घरच्या कूलरचाच आवाज उन्हाळ्यात भरून ठेवला असता तर तुम्हाला तो सर्वांत मानवला असता.

त्यासोबत कानात घालायचे फोमचे बोळे औषधांच्या दुकानातून आणा. कापसाच्या बोळ्यांनी जवळजवळ काहीही होत नाही. फोमचा बोळा आधी बोटांत वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, बोळा आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचा. बहुतेक जण तो न वळताच कानाच्या तोंडाशी कोंबतात आणि मग उपयोग होत नाही म्हणून टाकून देतात. घोरण्याचा खर्ज यानेही पूर्ण जाणार नाही, पण त्याची धार जाईल, आणि उरलेला आवाज त्या एकसुरी आवाजात मिसळेल. निघण्यापूर्वी आठवडाभर घरी याचा सराव करा. पहाटेचा गजर मात्र ऐकू येणार नाही, तेव्हा फोन थरथरेल असा ठेवून उशीखाली सरकवा.

माईंना कुशीवर झोपायला सांगा आणि पाठीशी एक जाड उशी लावून द्या. उताणे न झोपल्याने बऱ्याच जणांचे घोरणे कमी होते. हॉटेलात शिरताच जोडलेले पलंग वेगळे करून मागा. सहलीतले साडेनऊचे भरपेट जेवण दोघींनीही थोडे आटोपते घ्यावे. आणि माईंना जप करायचाच असेल तर तो उजाडताना नव्हे, रात्री निजण्यापूर्वी अर्धा तास करू द्या, म्हणजे तेवढ्यात तुम्हाला गाढ झोप लागलेली असेल. नाकाला लावायचे चिमटे आणि ‘घोरणे कायमचे बंद’ म्हणून विकले जाणारे तेल यांवर पैसे घालवू नका.

चौदा हजार रुपये जड जाणार नसतील तर स्वतंत्र खोली घेण्यात काहीही गैर नाही, मात्र ती माईंना सांगून घ्या आणि आरक्षणाच्या कागदावर त्यांना ती आयती दिसू देऊ नका. माझे मत विचाराल तर डॉक्टरांकडे जाऊन आल्यावरच ते ठरवा, कारण उपचार लागू पडले तर त्या पैशांत जोधपूरला दोघींची चांगली खरेदी होईल. संक्रांतीला अजून दोन महिने आहेत. तपासणी, तिचा निकाल आणि यंत्र लागलेच तर त्याची सवय, या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून महालातली ही खेप येत्या रविवारीच करा.