मोजणीआधी बांध हलवू नये

पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज सकाळी चहाबरोबर वाचला आणि चहा तसाच गार झाला. आठ महिने पोटाचा त्रास, चार डॉक्टर, दोन सोनोग्राफ्या, वजन ५४ वरून ४८, हिमोग्लोबिन ९.१, आणि शेवटी तुझा प्रश्न : "काका, रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणजे मीच नाटक करतेय का?" फोनच करणार होतो, पण तुझ्या खोलीत तिघी राहतात आणि हा विषय तिघींसमोर बोलायचा नाही. म्हणून लिहितोय.

नाटक नाही. सोनोग्राफीत पित्ताचे खडे दिसतात, मूतखडा दिसतो, लिव्हर दिसतं. आतड्याच्या आतलं अस्तर त्यात कळत नाही. तेव्हा 'नॉर्मल' याचा अर्थ एवढाच, की जिथे बघितलं तिथे काही सापडलं नाही.

माझं तुझ्या बाबांकडून अर्धंमुर्धं ऐकलं असशील, पुरतं सांगतो. मी मंगळवेढ्याचा. ज्वारीचं कोठार म्हणतात आमच्या भागाला. नोकरी लागेपर्यंत चपाती म्हणजे सणाला किंवा पाहुणा आला तर. १९९४ ला भूमी अभिलेखात लागलो ते जळगाव जिल्ह्यात. कुटुंब गावी ठेवलं, खानावळ लावली, दोन्ही वेळ चपात्या. वर्षभरात पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं, दिवसातून पाच-सहा वेळा परसाकडे, आणि तोंड तर कायम आलेलं. शेतात मोजणी चालू, दोन्हीकडचे भाऊबंद बांधावर एकमेकांकडे डोळे वटारून उभे, आणि मोजणीदार आडोसा शोधतोय. हसलीस तरी चालेल, तेही हसायचे.

गणपतीला किंवा दिवाळीला गावी गेलो की आठ-दहा दिवसांत जरा बरं वाटायचं. आई म्हणायची, "तुला तिकडचं पाणी मानवत नाही." मला पटलं. मी जळगावात पाणी उकळून प्यायला लागलो. नऊ वर्षं उकळलेलं पाणी प्यायलो आणि त्याच्याबरोबर चपात्या खाल्ल्या.

या नऊ वर्षांत पहिल्या डॉक्टरांनी अमिबा सांगितला, दुसऱ्यांनी जंत. तिसऱ्यांनी उतरलेलं वजन बघून टीबीचा कोर्स दिला. लघवी केशरी झाली, पोट होतं तिथेच. चौथ्यांनी लग्न झालंय का विचारलं, आणि झालंय म्हटल्यावर टेन्शन आहे म्हणाले. प्रत्येकाच्या दारात मी नवा गडी होतो. आधीच्या चिठ्ठ्या खिशात असून काढत नव्हतो. का, तर जुनं दाखवलं तर नव्या डॉक्टरांना राग येईल, आणि मनातून वाटायचं, बघू हे स्वतःहून काय ओळखतात ते. ज्योतिषाची परीक्षा घ्यावी तशी.

यातली सगळ्यात मोठी चूक मात्र माझी, आणि ती सांगण्यासाठीच हे पत्र. २००१ साली बिनपगारी रजा टाकून पाच महिने गावी होतो. रोज भाकरी, ताक, हुलग्याचं माडगं. वजन चार किलो वाढलं. त्याच दरम्यान एका डॉक्टरांना खरी शंका आली आणि त्यांनी सिलियाकची, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतडं झिजण्याच्या आजाराची रक्ततपासणी करवली. उत्तर आलं, नाही. त्यांनी विचारलं नाही काय खातोस, मी सांगितलं नाही. तो कागद पुढची दोन वर्षं माझ्या फायलीत 'हा आजार नाही' म्हणून साक्ष देत बसला.

ही तपासणी पोटात गहू जात असेल तरच खरं बोलते. ग्लूटेनमुळे शरीर ज्या अँटीबॉडी तयार करतं त्याच त्यात मोजतात. काही महिने गहू बंद ठेवला तर त्या उतरतात, आणि आजार असून कागद कोरा येतो. आपल्या खात्यात नव्या पोराला पहिल्या आठवड्यात काय शिकवतात, बाबांना विचार. मोजणी होईपर्यंत बांधाला हात लावायचा नाही. दगड चांगल्या हेतूने हलवला तरी नकाशा चुकतोच.

२००३ मध्ये पुण्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी सगळी फाइल टेबलावर पसरली, तारखेप्रमाणे लावली आणि २००१ च्या रिपोर्टवर बोट ठेवून विचारलं, "त्या महिन्यात कुठे होतात? तिथे काय खात होतात?" नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तोवर मी परत खानावळीवर आलो होतो. पुन्हा रक्त घेतलं, दुर्बीण घातली, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातले बारीक तुकडे तपासायला पाठवले. आतड्याच्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते, तिच्यातून अन्न शोषलं जातं. माझी झिजून सपाट झाली होती. नऊ वर्षं लोहाच्या गोळ्या खाऊन हिमोग्लोबिन का चढत नव्हतं, ते तेव्हा कळलं. (या आजाराचा गव्हाशी संबंध विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञांनी जोडला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिकडे उपासमार होती, पाव मिळेना, तेव्हा त्यांचा संशय आणखी पक्का झाला. १९५० ला त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला. काय खाल्लं की काय होतं, एवढंच बघून माणूस तिथवर पोचला.)

आता तुझ्याकडे. तुलाही हाच आजार आहे असं मी म्हणत नाही, आणि माझी गोष्ट ऐकून तू स्वतःवर ती चिकटवू नकोस. पण तू तीन बांध हलवलेत. व्हिडिओ बघून पाच आठवड्यांपूर्वी गहू सोडलास. रोज सकाळी अनशापोटी गॅसची गोळी घेतेस. डोकं दुखलं की पेनकिलर. गहू सोडून सिलियाकची तपासणी केलीस तर माझ्यासारखं होईल. पोटातल्या एच. पायलोरी जंतूची तपासणी श्वासावरून किंवा शौचावरून करायची असेल तर गॅसची गोळी साधारण दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असून सापडत नाही. आतड्याला सूज आहे का हे शौचातल्या कॅलप्रोटेक्टिनवरून बघतात, तो आकडा काही पेनकिलरांनीही वाढतो. आता हे वाचून सगळं आजच बंद किंवा सुरू करू नकोस. डॉक्टरांना विचार : "तपासणीआधी काय चालू ठेवू, काय थांबवू, किती दिवस?" आणि सिलियाकचं रक्त देशील तेव्हा त्याबरोबर एकूण आयजीए (या तपासणीत मोजतात त्या अँटीबॉडींचा प्रकार) बघणार का, तेही विचार. ते मुळातच कमी असलं तरी उत्तर खोटं 'नाही' येऊ शकतं.

कुणी पुडी दिली, आणि मावश्या-काकू देतातच, तर तिच्यात काय आहे ते विचार. ओवा, कोकम, ताक याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण जिच्यावर नाव नाही, त्या पुडीत स्टेरॉइड असलं तर चार दिवस बरं वाटतं आणि आजार झाकला जातो.

डॉक्टर पाचवा करू नकोस. चौघांपैकी ज्यांनी तुझं सर्वात जास्त ऐकून घेतलं त्यांच्याकडेच परत जा, आणि पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवायचं तर त्यांनाच चिठ्ठी द्यायला सांग. दर वेळी नवा डॉक्टर म्हणजे दर वेळी पहिलं पान, आणि पहिल्या पानावर सगळ्यांचं सारखंच लिहिलेलं असतं : ॲसिडिटी, जंत, टेन्शन.

जाण्याआधी दोन आठवडे वही ठेव. दोनच. मी पुढे दोन वर्षं ठेवली, तो वेडेपणा होता. माणूस जेवताना घासाकडे संशयाने बघायला लागतो. वेळ, काय खाल्लं, काय झालं, कितीदा गेलीस, कशी झाली, पाळी कधी, झोप किती. 'कशी झाली' याला लाजू नकोस. ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ मध्ये त्याचा तक्ता छापला, घट्ट खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत सात प्रकार. आकडा लिहिला की झालं, वर्णन करायला नको.

आपल्या लोकांची अर्धी अडचण इथेच आहे. 'गॅस झालाय' या एका शब्दात आपण पोट फुगणं, छातीत जळजळ, करपट ढेकर, बरगडीखालची कळ, सगळं कोंबतो. 'पोट साफ होत नाही' म्हणजे होतच नाही, की होऊनही राहिल्यासारखं वाटतं, की चारदा होतं? 'जुलाब' म्हणजे पाणी, की आव, की आवेबरोबर रक्त? मोजणीदाराला 'तिकडं कुठंतरी हद्द आहे' असं सांगून चालतं का? कुठे दुखतं तिथे एक बोट ठेवून दाखव. जेवल्यावर किती वेळाने दुखतं, परसाकडे जाऊन आल्यावर थांबतं का, ते सांग.

तुझ्या मेसेजमध्ये एक ओळ तू मध्येच टाकून दिलीस : "कधी कधी पहाटे तीनला उठून पळावं लागतं." ही ओळ डॉक्टरांना सांगितलीस का? मला शंका आहे. टेन्शनचं पोट बहुतेक वेळा माणूस झोपला की झोपतं. झोपेतून उठवणारे जुलाब, न ठरवता उतरलेलं वजन, कमी रक्त, यांतलं काहीही असलं तर डॉक्टर आणखी शोधतात, शोधायला हवं. तुझ्याकडे तिन्ही आहेत. पहिल्या वाक्यात हेच सांग. "पाळीमुळे हिमोग्लोबिन कमी असेल" असं म्हणतील, मुलींना म्हणतातच. पाळी कितीची असते ते खरं सांग आणि विचार, "पाळी धरून एवढं कमी होईल का?" आणि रक्त पडलं, लोहाची गोळी चालू नसताना शौच डांबरासारखं काळं झालं, ताप टिकला, किंवा पोट फुगून उलट्या थांबेनात, तर वही-बिही सोड, त्याच दिवशी हॉस्पिटल.

कदाचित मोठ्या आतड्याची दुर्बीण करायला सांगतील. आदल्या दिवशीचं ते औषधाचं पाणी पिणं हाच त्यातला खरा त्रास, तपासणी झोपेच्या इंजेक्शनात होऊन जाते. आपल्याकडे एक घोळ मात्र खरोखर अवघड आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज आणि जखमा होतात तो) हे दोन आजार लहान आतडं मोठ्याला मिळतं त्याच जागी बहुधा बसतात, आणि दुर्बिणीतून जुळ्या भावांसारखे दिसतात. तुकडे तपासूनही कधी ठरत नाही. मग डॉक्टर टीबीची औषधं देऊन काही महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालतात, जखमा भरल्या का बघायला. तसं झालं तर त्यांना काही कळत नाही असं समजू नकोस. ती दुसरी दुर्बीण मात्र चुकवू नकोस. मला टीबीचा कोर्स देणाऱ्यांनी पहिलीही घातली नव्हती.

आणि सगळं बघून आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) म्हणाले तर? तर तेही निदानच. पोट आणि मेंदू यांच्यातल्या तारा जास्त हळव्या होतात. त्याचे ठरलेले निकष आहेत, उपाय आहेत, आहार आहे. 'काही नाही' असा त्याचा अर्थ नाही. मला आक्षेप आहे तो काही न बघता दिलेल्या आयबीएसवर.

नाव सापडलं की लगेच सुटका, असंही नाही. गहू सोडल्यावर माझं ऐंशी टक्के बरं झालं आणि तिथेच अडलं. सहा महिने. तुझ्या काकूने छडा लावला. एक, बाजारच्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, आणि आमच्या वरणात रोज हिंग. दोन, गिरणीत गव्हावरच आमची ज्वारी दळली जात होती. गिरणीवाल्याशी तिचं जे भांडण झालं ते अजून गल्लीत सांगतात. शेवटी घरघंटी घेतली. सत्यनारायणाचा शिरा नाही म्हणायला मला आणखी तीन वर्षं लागली. पुजारीबुवा कपाळावर आठ्या घालायचे. आता तेच माझ्या हातावर केळ्याचा तुकडा ठेवतात.

मेन्स पुढच्या वर्षी देईन म्हणालीस. आत्ता ठरवू नकोस, हिमोग्लोबिन ९ असताना घेतलेला कुठलाही निर्णय थकव्याचा असतो. आणि बाबांना सांग. तू नको म्हणालीस म्हणून मी गप्प आहे, पण त्यांना न सांगणं मला जमत नाही. दर संध्याकाळी कट्ट्यावर भेटतो, आणि माझा चेहरा त्यांना वाचता येतो.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं पुण्यात आहोत, कोथरूडला तुझ्या दादाकडे. फाइल घेऊन ये, तारखेप्रमाणे लावू. काकू कालपासून म्हणतेय, पोरीला गरम भाकरी करून घालते, पोटाला बरं वाटेल. मी म्हटलं, आत्ता नाही. तू तोवर डॉक्टरांना विचारून ठेव. ते हो म्हणाले तर रक्त देईपर्यंत तुझ्या ताटात चपाती. माझा तवा वेगळा असतो, त्याला हात लावू नकोस.

तुझा,
काका