78च्या तबकड्या : गाण्याचे गुण वेगळे, मुद्रणाचे वेगळे

78च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या जुन्या तबकड्या ऐकून गुण द्यायचे, तर आधी वहीत दोन रकाने पाड: गाणं आणि ध्वनिमुद्रण. नवखा माणूस दोन्हींची खिचडी करतो. खरखर ऐकली की गाण्याचेही गुण कापतो. खरखर बहुतेकदा तुझ्या हातातल्या प्रतीची झीज असते, मुद्रणाचा दोष नव्हे.

1902मध्ये गायिका गौहर जान मुद्रणाच्या भोंग्यापुढे गायल्या; भोंगा खालचे आवाज नीट टिपत नसे. मायक्रोफोनचं मुद्रण 1925 नंतरचं. म्हणून जुन्या तबकडीत डग्ग्याची घुमक शोधत बसू नकोस. नंतरच्या तबकडीत मात्र ती जरूर शोध.

तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, तिथे मैफलीची फूटपट्टी चालत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी लाव आणि पहिलाच स्वर कसा लागतो तेवढंच ऐक. मी अजूनही तिथेच अडकतो!

हमखास होणाऱ्या चुका:
- एलपीची (नंतरच्या, हळू फिरणाऱ्या तबकडीची) सुई लावणं. 78ची खाच रुंद, त्यामुळे बारीक सुई तळाशी घासते.
- वेग न तपासणं. थोडा वाढला तरी आवाज पातळ होतो, तान उगाच तयारीची वाटते.

मॅट्रिक्स क्रमांक (तबकडीवर कोरलेला मुद्रणाचा क्रमांक), इक्वलायझेशन (खालच्या-वरच्या आवाजांचा तोल साधणं) सध्या राहू दे. एकच बाजू तीनदा ऐक, मग गुण लिही, पेन्सिलीने.