'सोंग' म्हणजे नेहमी खोटेपणाच का?
नाही. कोकणात तरी सोंग हा आधी खेळातला शब्द. शिमग्यात खेळ्यांबरोबर, म्हणजे घरोघर नाचत-गात फिरणाऱ्या मंडळींबरोबर, संकासुराचं सोंग येतं: काळा झगा, उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. त्यात फसवणूक कसली? आत कोण आहे ते अख्ख्या वाडीला ठाऊक असतं! दशावतारी नाटकात पुरुष राणी होतो, तेही सोंगच, आणि 'सोंग झकास वठलं' ही दाद. 'रात्र थोडी, सोंगं फार' ही म्हणही रात्रभर चालणाऱ्या खेळांतलीच. आता ती कामाच्या रगाड्याला लावतात.

खोटेपणा येतो तो खेळाबाहेर: झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग. 'ढोंग' मात्र कायम दूषणच, त्याला कुणी टाळ्या देत नाही. आणि उधार मागणाऱ्याला ऐकवायचं ठेवणीतलं वाक्य: सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं नाही.